नऊ प्रश्न, माझ्या हातानं

छत्रपती संभाजीनगर,
रविवार

प्रिय नजमा,

ईदला तू चार वेळा बेल वाजवलीस तेव्हा मी घरातच होते. पाचोडहून एस.टी.नं शीरखुर्म्याचा डबा घेऊन आलीस, आणि मी दाराआड उभी राहून तुझं "प्रमोदिनी, अगं हायेस का नाय?" ऐकत राहिले. तुला तोंड दाखवायचं बळच नव्हतं. तेव्हापासून तू फुगली आहेस, ते बरोबरच आहे. आधी हे वाच, मग हवं तेवढं भांड.

त्यानंतर आठ दिवसांनी आमचे हे, अनंतराव, मला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. झोप नाही, जेवण नाही, केस विंचरायचाही कंटाळा. तिथं एक कागद हातात आला. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का, झोप उडाली का, असे नऊ प्रश्न. पुढे 'अजिबात नाही'पासून 'जवळजवळ रोज'पर्यंत चार चौकोन. आमचं घर तुला माहीत आहे. रेशनकार्डापासून आपल्या शाळेतल्या माझ्या नोकरीच्या अर्जापर्यंत सगळे फॉर्म ह्यांनी भरायचे, मी खाली सही करायची. कलेक्टर कचेरीत तीस वर्षं काढलेला माणूस! खिशातलं पेन काढलं आणि नऊच्या नऊ 'अजिबात नाही' ठोकून दिले. घरच्या कागदावर उणं दिसायला नको, बस्स. आणि मी, आयुष्यभर मुलींना स्वतःचा पेपर स्वतः लिहा म्हणून दटावणारी, मुकाट्यानं सही केली.

बाईंनी कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. ह्यांना चहाला बाहेर पाठवलं आणि मला कोरा कागद दिला. आठ प्रश्न भराभर झाले. मरून गेलेलं बरं असं वाटतं का, हा नववा मात्र दोनदा वाचला. 'काही दिवस'वर खूण केली, नजमा. खरं सांगते, छातीवरचा धोंडा उतरला. बाई दचकल्या नाहीत, उपदेशही केला नाही. शांतपणे एकेक विचारत गेल्या.

मग हे आत आले. सवयीनं माझ्या कागदावर खाडाखोड शोधायला लागले आणि नवव्या ओळीवर थांबले. मला सांगायचंस की गं, एवढंच म्हणाले. सांगितलं होतं, मी म्हटलं, तुम्ही 'होईल बरं' म्हणालात. भर दवाखान्यात रडला गं हा माणूस. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं.

गोळ्या चालू आहेत. त्या नऊ उत्तरांना गुण असतात, जितके जास्त तितका आजार जास्त; माझा एकोणिसाचा आकडा सातवर आलाय. कमी मार्क मिळाल्याचा आनंद पहिल्यांदाच होतोय. दर रविवारी हे मला तोच नऊ प्रश्नांचा कागद देतात आणि स्वतः भाजी निवडायला जातात, डोकावत नाहीत. काल दुपारी तर मी घोरत होते म्हणे.

आता हे सगळं आजच का लिहिलं ते सांगते. परवा बाईंनी आणखी एक कागद दिला: पुन्हा तसं वाटलं तर लगेच कुणाला फोन कराल? दोन ओळी होत्या. ह्यांचं नाव मी दुसऱ्या ओळीत लिहिलं. पहिल्या ओळीत तुझं नाव आणि नंबर घातलाय, तुला न विचारता. अजून बोलत नसशील तरी चालेल, पण मी फोन केला तर उचलशील ना?

तुझीच,
प्रमोदिनी