सात ते साडेसात फोन बंद

आबा, रोज संध्याकाळी सात ते साडेसात मी फोन बंद ठेवतो आणि ओट्यावर बसून स्वतःचे पाय बघतो. हे ऐकूनच तुमच्या कपाळाला आठी पडणार, म्हणून आधीच सांगून टाकलं. कोमट पाणी, साबण, जुना पंचा, खोबरेल तेल आणि दाढीचा आरसा, एवढं सामान लागतं. मी पाण्यात पाय घालण्याआधी तुमची सून त्यात कोपर बुडवून बघते, कारण माझ्या पायांना आता गरम-गार नीट कळत नाही. मग बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, टाचांना तेल चोळायचं, आरसा खाली धरून दोन्ही तळवे या टोकापासून त्या टोकापर्यंत बघायचे. चीर, फोड, लाली, काहीही दिसलं की दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना. यात हयगय नाही.

तुम्ही काय म्हणाल ते मला पाठ आहे, कारण तुम्ही ते म्हणून झालेलं आहे. आयटीआयला होतो, सुट्टीत घरी आलो होतो. टाचा फुटून रक्त येत होतं म्हणून आईकडून तेलाची वाटी घेऊन बसलो, तर तुम्ही दारातूनच ओरडलात, "कशापायी बसलास बे असा? बायकांवानी पाय काय चोळतूस? मेंढरं बसत्यात का तेल लावीत?" मी वाटी ठेवून दिली. उत्तर सुचलं ते वीस वर्षांनी. मेंढरं तेल लावत बसत नाहीत, आबा, कारण त्यांना तुम्ही लावत होता.

मला ते अजून दिसतं. दिवस कलतोय, कळप माळावरून परत आलाय, आणि साठ मेंढरांतली लंगडणारी एक तुम्ही बरोबर हेरता. तिला आडवी पाडता, तिचा पाय मांडीवर घेता, खुरात रुतलेला काटा चिमट्यानं ओढता, जखमेत हळद भरता. तिच्याशी गोडीनं बोलता, तसे आमच्याशी कधी बोलला नाहीत. एकही जनावर तपासल्याशिवाय तुम्ही भाकरीला बसत नव्हता. आणि त्याच वेळी तुमच्या तुटक्या पायतानातून अंगठा बाहेर आलेला असायचा, त्याचं नख काळंठिक्कर पडलेलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मी वायरमन झालो. चार गावांची लाईट माझ्याकडे आहे. नऊ वर्षांपासून शुगर आहे, आणि त्यातली पहिली सात मी अगदी तुमच्यासारखा वागलो. गोळी आठवली तर घ्यायची, उभ्या उभ्या जेवायचं, बारा-बारा तास बूट काढायचे नाहीत, आणि वर ऐट मिरवायची की आपल्याला मरायलाही सवड नाही. दोन वर्षांपूर्वी घरी येऊन बूट काढला तर मोजा रक्तानं भिजलेला. बुटात तारेचा एक तुकडा शिरला होता. दिवसभर मी त्याच्यावर उभा होतो, तीन खांब चढलो-उतरलो, आणि मला पत्ता नव्हता. तुमची सून ओरडली नाही. भिंतीला टेकून खाली बसली आणि एवढंच म्हणाली, "मामांचंबी असंच झालं हुतं ना?"

तसंच झालं होतं. तुम्हाला शुगर आहे हे आम्हाला अंबाजोगाईला मोठ्या दवाखान्यात कळलं, पाय घोट्यापर्यंत काळा पडल्यावर. आधी का आणलं नाही म्हणून डॉक्टर माझ्यावर चिडले. मी तुम्हाला विचारलं तर तुम्ही भिंतीकडे तोंड करून म्हणालात, "मेंढरं कुणाच्या जिवावर सोडायची?" गुडघ्याखाली पाय कापला, आणि पुढचे दोन महिनेही तुम्ही काढले नाहीत. लोक अजून म्हणतात, म्हातारा लई कष्टाळू, कधी आजारी म्हणून बसला न्हाई. त्यात कौतुक कसलं? तुम्ही बसला असता तर आज असता. मला तुमचा राग येतो, आबा, आणि तो मी गिळणार नाही.

माझी जखम भरायला दोन महिने लागले. तेव्हापासून सात ते साडेसात माझे. तेवढा वेळ जोडीदार वायरमन फोन घेतो, त्याच्या जेवणाच्या वेळी मी घेतो. गावातल्या मोठ्या पुढाऱ्यांना हे पटलं नाही. एकदा त्यांच्या मळ्यातली मोटार बंद पडली, तर स्वतः गाडी घेऊन दारात आले. मी घमेल्यात पाय सोडून बसलेलो.

"काय बे, पायाची पूजा चाललीय व्हय? तिकडं माजी मोटार बंद हाय!"

"व्हय मालक, पूजाच हाय. रोज असतीय. बसा, च्या घ्या. इस मिन्टात निघू."

बसले. चहा प्यायले. ऊस काही वाळला नाही. नारायणगडाला दर्शनाला तुम्ही अनवाणी जायचा. मी पायरीपर्यंत बूट घालून जातो आणि आत मोजे घालून. बघणारे बघतात, बघू द्या. शिर सलामत तो पगडी पचास. मला अजून खांबावर चढायचं आहे, स्वतःच्या दोन पायांनी.

हा कागद पोस्टात टाकायचा प्रश्नच नाही, डायरीत घडी करून ठेवीन. एवढं ठणकावून लिहिलं खरं, पण एक राहिलं. जन्मभर तुमच्या पाया पडलो आणि तळवे एकदाही बघितले नाहीत. अंबाजोगाईला नेलं त्याच्या तीन आठवडे आधी दसरा होता. तुमच्या हातात आपट्याची पानं दिली, वाकलो, आणि पायाला कुजका वास आला. मला कळलं होतं, आबा. मी परसात जाऊन साबणानं हात धुतले.