मार्गारेटची माया झाली

३ फेब्रुवारी, सोमवार

मार्गारेटला नाव हवंय. मराठी. आणि ते ऐकून कुणाला तिची जात कळता कामा नये.

पुण्याच्या डॉ. उन्मेषनी ईमेलमध्ये हे सहज लिहून टाकलंय. जणू आमच्या बेलवलीत अशी नावं झाडाला लागतात.

काम असं आहे. अकरा देशांनी मिळून ठरवलंय की आपापल्या देशातले दवाखाने लोकांना कसं वागवतात ते एकाच मापाने मोजायचं. प्रश्न सगळीकडे तेच. पण इथला माणूस 'चांगलं' म्हणतो ते वेगळं आणि पोर्तुगालातला म्हणतो ते वेगळं. म्हणून आधी एका खोट्या पेशंटची गोष्ट सांगायची आणि विचारायचं – हिला कसं वागवलं? गोष्ट सगळ्या देशांत एकच, त्यामुळे कुणाची पट्टी किती वाकडी ते कळतं. गोष्टी मराठीत आणायच्या आणि आमच्या भागातल्या लोकांवर वापरून बघायच्या, हे माझ्याकडे. मिक्सरची माहितीपत्रकं भाषांतर करून जी कीर्ती मिळवली तिचं हे फळ.

तर मार्गारेट. अठ्ठावन्न वर्षांची, छातीत दुखतंय. दोन तास बाकावर बसवून ठेवली. डॉक्टरने मान वर न करता गोळ्या लिहिल्या. काय झालंय ते सांगितलं नाही. संपली गोष्ट.

नवरा, राजरत्न, सेकंड शिफ्टला निघाला होता, त्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, "यात गोष्ट कुठाय?"

५ फेब्रुवारी

नाव 'आशा' ठेवलं. सिंध्यांत चालतं, आमच्यात चालतं, बाकीच्यांतही चालतं. पहिला प्रयोग रखमाबाईंवर. (सासूबाई. तोंडावर आई, इथे रखमाबाई. वहीला सासू नसते.)

"आशाच्या छातीत दुखत होतं म्हणून ती दवाखान्यात गेली," मी सुरुवात केली.

"जाईलच की. तिचं कामच हाय तिथं," रखमाबाई म्हणाल्या. "पण तीच आजारी पडली तर घरोघरी गोळ्या कोण देणार?"

आमच्या गल्लीत आशा म्हणजे आशाताईच, आरोग्यवाली. हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आशा बाद.

आता माया. उन्मेषचं उत्तर – 'माया सुंदर. अर्थगर्भ.' अर्थ कुठला ते नाही कळवलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

उल्हासनगर, कॅम्प ४. भूपेशभाईंचं चेन-बटणांचं दुकान. आजूबाजूच्या जीन्सवाल्यांना तेच माल देतात. गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मायाला ऐकायला तयार झाले.

"कौनसे हॉस्पिटल में? मेरी पहचान है उधर. दो घंटा कायको बैठना?"

म्हटलं, भूपेशभाई, बाई खरी नाहीये.

"खरी नसली म्हणून काय, छाती तर दुखते ना तिची."

कसं वागवलं म्हणाल? "बढिया. डॉक्टर मिला, गोली मिली. और क्या, नाच के दिखाएगा?"

मग दुसरी गोष्ट वाचली. यातला डॉक्टर मायाला आजाराचं नाव सांगतो. कशामुळे झाला, पुढे काय होईल, घरच्यांनी काय करायचं, सगळं. वर विचारतो, तुम्हाला काही विचारायचंय का?

भूपेशभाई एकदम सावध. "इतना प्यार से? बिल कितना बनाया?"

"फुकट. सरकारी आहे."

"फिर तो कुछ गडबड है." शेरा – खराब.

११ फेब्रुवारी

अंबरनाथ एमआयडीसी. पॅकिंगमधल्या बायका डबे खात होत्या. पहिली गोष्ट ऐकून एक म्हणाली, "बसायला बाक होता? मग चांगलंच झालं की तिचं."

१२ फेब्रुवारी

सगळ्यांचा व्हिडिओ कॉल. पोर्तुगालची इनेस, नैरोबीचा ओटिएनो, पुण्याहून उन्मेष आणि स्वयंपाकघराच्या दारात मी. मागे तिसरीतली लेक राजसी कंबर हलवून नाचत होती. सात मिनिटं. कुणी सांगितलंही नाही.

पोर्तुगालात पहिली गोष्ट 'अतिशय वाईट', दुसरी 'चांगली'. आमच्याकडे बरोबर उलटं. इनेसने फार गोड आवाजात विचारलं, भाषांतरात काही चूक तर नाही ना?

म्हटलं, भाषांतर बरोबर आहे, चूक डॉक्टर आहेत. उन्मेषनी माझा आवाज बंद केला.

ओटिएनो मात्र इतका हसला की त्याचा फोनच आडवा झाला. त्याच्याकडे एका बाईने दुसरी गोष्ट ऐकून विचारलं होतं, म्हणजे हा डॉक्टर तिच्याशी लग्न करणार आहे का?

ठरलं असं की पुढे प्रत्येकाला हेही विचारायचं – तुमच्या घरात कुणाला कधी डॉक्टरने असं समजावून सांगितलं का?

१६ फेब्रुवारी, रविवार

आजचं कसं लिहू कळत नाही. जसं झालं तसं लिहिते.

रखमाबाई पावटे सोलत होत्या. मायाची चौकशी त्या रोजच करतात – आज गेली का पुन्हा, उतार पडला का. म्हणून दुसरी गोष्ट वाचून दाखवली. त्यांचे हात थांबले.

"असं सांगतात?"

"सांगायला पाहिजे, असं अकरा देशांचं म्हणणं आहे."

"आजाराचं नावपन सांगतात?"

"हो."

त्यांनी दोन-तीन शेंगा सोलल्या. मग खाली बघूनच म्हणाल्या, "यांना काय झालं होतं गं?"

यांना म्हणजे सासऱ्यांना. सुदामराव. मी या घरात यायच्या आधीच ते गेले. बाबासाहेबांच्या शेजारी फोटो आहे, तेवढीच माझी ओळख. मी म्हटलं, किडनी ना?

"किडनी म्हंजे जागा झाली. झालं काय होतं?"

दोन आठवडे गावभर विचारत फिरतेय, तुमच्या शब्दांत सांगा, काय समजलं? स्वतःच्या घरात दहा वर्षांत एकदाही विचारलं नाही.

रखमाबाईच बोलत राहिल्या. पोट ढोलासारखं ताठ झालेलं. लघवीतून रक्त. मग डायलिसिस. आणि त्यांचे थोरले दीर गावाकडे वारले तेही तसेच, त्यांचंही पोट असंच.

राजरत्न आतून आला. वडिलांजवळ तेव्हा हॉस्पिटलात तोच असायचा, चोवीस वर्षांचा. "सूज होती किडनीला," तो म्हणाला. "आता काय करायचंय त्याचं? सोड ना आई."

आईने सोडलं नाही. पावटे सोडले.

२० फेब्रुवारी

सासरे ज्या हॉस्पिटलात गेले ते आता हॉस्पिटल राहिलेलं नाही. तिथे लग्नाचा हॉल आहे. म्हणजे तिथे जाऊन विचारायची सोयच नाही, फार तर पंगतीला बसता येईल.

म्हणून रखमाबाईंनी आज आपला बीपीचा दिवस वापरला. मी सोबत. सरकारी दवाखाना, मागे ही रांग. डॉक्टर कोवळा पोरगा.

"बीपी छान आहे आजी. याच गोळ्या चालू ठेवा."

रखमाबाई स्टुलावरून उठल्या नाहीत. "माझं ऱ्हाऊ द्या. ह्यांचं सांगा."

डॉक्टरने माझ्या मागे बघितलं. "कुठायत ते?"

"वारले. बारा वर्षं झाली."

रांगेतून कुणीतरी 'अरे देवा' म्हणालं. मला जमीन दुभंगावी असं वाटत होतं. मी त्यांच्या कोपराला धरून उठवायला गेले तर त्यांनी माझा हात झटकला. "पोट ढोलासारखं झालं होतं त्यांचं," त्या डॉक्टरला म्हणाल्या. "कशानं?"

आणि त्या पोराने, काय वाटलं त्याला कोण जाणे, पेन खाली ठेवलं. एकेक विचारत गेला. दोन्ही बाजूंना का? बीपी होतं? रक्त जायचं? भाऊ-बहीण कुणी असंच? थोरल्या दिरांचं ऐकल्यावर म्हणाला, "पॉलिसिस्टिक किडनी असणार. किडनीत पाण्याच्या गाठी होतात आणि वाढत जातात. घराण्यात चालत येतं हे. न बघता खात्रीने नाही सांगू शकत. तुम्हाला मुलं?"

"एकच. मुलगा."

"घेऊन या त्याला. या आठ-पंधरा दिवसांत."

परतीच्या रिक्षात रखमाबाई तो शब्द पुटपुटत होत्या. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बरोबर आला. माझा हात घट्ट धरून बसल्या होत्या. मगाशी झटकलेला.

२१ फेब्रुवारी

राजरत्नची आज सुट्टी. चहा देताना सांगितलं, डॉक्टर म्हणतात पॉलिसिस्टिक किडनी.

त्याने कप खाली ठेवला. "काय म्हणालीस? परत बोल."

परत बोलले.

"हा शब्द मला सांगितला होता," तो म्हणाला. "मोठे डॉक्टर राऊंडला आले होते. चालता चालता बोलले, पॉलिसिस्टिक आहे, घरातल्यांनीही तपासून घ्या. मला वाटलं पॉलिसी आहे का विचारतायत. मी म्हटलं, पॉलिसी नाही साहेब आमची. ते बरं म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले."

मला हसू फुटलं. खरंच फुटलं, नाकातून चहा आला. तोही हसायला लागला. हसता हसता त्याने तोंडावर हात घेतला तो बराच वेळ काढला नाही.

रखमाबाई हसल्या नव्हत्या. त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तुझी काय चूक? पोर होतास."

मग मी सोनोग्राफीचं काढलं. तर तो लगेच नेहमीचा राजरत्न – "मला काय झालंय? बारा-बारा तास उभा राहतो मी."

"तुझ्या बापालापन काय झालं नव्हतं," रखमाबाई म्हणाल्या.

२५ फेब्रुवारी

कॉल. नावं न घेता पॉलिसीची गोष्ट सांगितली. मला वाटलं ओटिएनो हसेल. नाही हसला. इनेस चष्मा काढून पुसत राहिली.

मग तिने विचारलं, त्या कुटुंबाला तेव्हा विचारलं असतं तर त्यांनी काय शेरा दिला असता?

मी माईक बंद केला आणि आत जाऊन विचारून आले.

"चांगलंच म्हटलं असतं," रखमाबाई म्हणाल्या. "सलाईन लावलं होतं. पांघरूण दिलं होतं."

"आणि आता?"

"आता लिही, मेलेल्या माणसाचा आजार त्याच्या बायकोला बारा वर्षांनी कळला."

हे मी जसंच्या तसं इंग्रजीत केलं. आयुष्यातलं सगळ्यात सोपं भाषांतर. उन्मेषनी या वेळी आवाज बंद केला नाही. शेवटी ठरलं, सगळ्या देशांत एक प्रश्न वाढवायचा – तुमच्या आजाराचं नाव सांगितलं का, आणि त्याचा अर्थ तुम्ही कसा सांगाल? उन्मेष म्हणाले, प्रश्नावली लांबतेय. ओटिएनो म्हणाला, लांबू दे.

१ मार्च, शनिवार

राजरत्न तयार झाला. स्वतःहून नाही – राजसीने त्याला सांगितलं, आजी रडते. मंगळवारी सोनोग्राफी. पोटभर पाणी पिऊन, लघवी रोखून जायचं. हे ऐकल्यापासून घरभर त्याचं भाषण चालू आहे. "तुझ्या त्या अकरा देशांत असं छळतात का, विचार जरा त्या बाईला."

विचारलं. इनेसचं उत्तर आलं – सगळीकडे असंच छळतात.

४ मार्च

आहेत. दोन्ही किडन्यांत. बीपीही बरंच वाढलेलं, त्याला पत्ताच नव्हता. बीपीची गोळी आता कायमची, मीठ कमी, कंबरदुखीसाठी मेडिकलमधून आणून खायचा त्या गोळ्या आजपासून बंद. किडन्या अजून नीट काम करतायत. वेळेत आलात, म्हणाले.

घरी आल्यावर राजसीने विचारलं, बाबा, काय झालंय तुला? मी काहीतरी सांगून वेळ मारून नेणार होते. राजरत्नने तिला समोर बसवलं आणि सांगितलं. पोटात मागच्या बाजूला दोन किडन्या असतात, त्या रक्त साफ करतात. माझ्या किडन्यांत पाण्याचे छोटे छोटे फुगे झालेत. आजोबांना होते, तसेच.

तिने हात मागे नेऊन स्वतःची कंबर चाचपली. मग म्हणाली, "मला पण आहेत?"

रखमाबाई दारात उभ्या होत्या.

"माहीत नाही अजून," राजरत्न म्हणाला. "कळलं की सगळ्यात आधी तुला सांगेन."