ओठ, जीभ, घसा, कान

१२ मार्च, गुरु.
चटणीचा सीझन. सकाळपासून माझा मिरची कांडायचा डंक धडधडतोय. ताप जाऊन आठवडा झाला, नाकाला वास मात्र अजून नाही. हे फक्त बायकोला, शालनला, माहीत.
नलूआक्कांची चटणी कांडून दिली. रीतीप्रमाणं चिमूटभर जिभेवर. माझ्या मापाच्या चार खुणा: ओ., जी., घ., का. ओठ, जीभ, घसा, कान. जाळ कुठवर पोचतो ते. आक्कांची घ. "झकास," म्हटलं. तीस वर्षांत हे माप चुकलेलं नाही, लिहायला लाज कसली!

१४ मार्च, शनि.
आक्का डबा घेऊन परत. चार बायकांसमोर, "मामा, खोबरं खवट हाय की! दरवर्षी हुंगून बघतासा, औंदा काय झालं?"
"परत कांडून देतो" एवढंच बोललो. आमच्या कळंबा गावात पहिल्यांदा मान खाली. शालन म्हणते, सांगून टाका. पण डंकवाल्याचं नाक गेलंय म्हटल्यावर डंकावर येतंय कोण?

१५ मार्च, रवि.
सुमी आली. माझी लेक, जयसिंगपूरला विज्ञान शिकवते. शालननं सगळं सांगितल्यावर माझा चेहरा बघून आधी हसली. मग पेपरमिंटची गोळी चघळायला दिली, वर साधं पाणी. वास शून्य, पण तोंडात बर्फ! नंतर हिरवी मिरची. जाळ!
म्हणाली, गोळी गार नसते, मिरची गरम नसते, जिभेच्या नसाच फसतात. "आण्णा, तिखट ही चवच न्हाय. ते भाजणं हाय. वास गेला तरी ते जात न्हाय."
म्हणजे इतकी वर्षं मी चव नाही, जाळ मोजत होतो. आणि तो शाबूत! दुपारी शालननं माझे डोळे बांधून पाच डब्यांतली चटणी चाखवली. कुठली किती तिखट, पाचही बरोबर. छाती फुगली, खोटं कशाला बोला.

१७ मार्च, मंगळ.
आक्का नवं सामान घेऊन हजर. डंकावर गर्दी. तसंच सांगून टाकलं, "आक्का, माझा वास गेलाय. जाळ मी सांगतो, खोबरं तुमी हुंगा."
मग आक्काच, "येवढंच व्हय? वास मी घेतो की!" पदर खोचून खोबऱ्याची परात पुढं ओढली. मागच्या दोघीही हुंगायला वाकल्या.
कांडून झाल्यावर चिमूट घेतली. ओ., जी., घ... आणि सावकाश का.
"मिरची वाढवलीसा."
"आर्धा किलो! कसं वळखलं वो?"
कानाला हात लावून दाखवला. एकही बाई डंकावरून परत गेली नाही.
कान अजून गरम. मघाशी हात धुताना बोटांना भाजल्या खोबऱ्याचा वास आल्यासारखा वाटला. आला की नुसता आठवला, कळेना. शालनला इतक्यात सांगत नाही. हात परत धुतलेले नाहीत.