राखीव गोलकीपरचे घर

मी, सहदेव धाकू घाडीगावकर, वय वर्षे सहासष्ट, धंदा पूर्वी गोलकीपर व नंतर गोलकीपरांचा प्रशिक्षक, राहणार भांडुप पश्चिम, मुंबई, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, डावा खांदा नाही. हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने किंवा लाडीगोडीला भुलून करत नाही. लाडीगोडी झाली, हे खरे. तिचा उल्लेख पुढे योग्य कलमात येईल. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण लिहून ठेवावे असे काही माझ्या नावावर नव्हते. आता एक घर आहे, आणि डॉक्टर म्हणतात की हृदय दमले आहे. मला त्यात नवल वाटले नाही. मी सगळाच दमलो आहे.

यातली कायद्याची भाषा वकील निधी परब हिची. ती आमच्याच इमारतीत नवव्या मजल्यावर राहते आणि मला काका म्हणते. मधली मधली वाक्ये माझी आहेत. ती काढून टाका असे तिने दोनदा सुचवले. मी काढलेली नाहीत.

कलम १. माझ्याविषयी. मृत्युपत्रात इतकी ओळख लागत नाही म्हणतात, पण सहावे कलम समजायचे तर हे वाचावे लागेल. माझे वडील धाकू कणकवलीकडून येऊन गिरणीत लागले. मी उंच होतो आणि मला पळायचा कंटाळा होता, म्हणून पोरांनी मला गोलात उभे केले. पुढे त्याच्यावरच पोट चालले. तेव्हा बँकांचे, कारखान्यांचे संघ असत. खेळाडूला खेळासाठी नोकरी मिळे, ती आधी सीझनपुरती आणि टिकून राहिला तर कायमची. मी टिकून राहिलो नाही. एका बँकेत होतो, मग रंगाच्या कारखान्यात, मग गोव्यात, मग कोलकात्यात, मग परत मुंबईत तिसऱ्याच कोणाकडे. बहुतेक ठिकाणी मी राखीव गोलकीपर होतो. पहिल्या गोलकीपरचे बोट मोडले की माझी आठवण होई. मी खेळलो त्यापेक्षा बसलो जास्त.

कायम होण्याची वेळ आली की दुसऱ्या संघाचा निरोप येई. तिथे पहिल्या गोलकीपरची जागा मिळेल या आशेने मी चालती नोकरी सोडून जाई, आणि तिथे गेल्यावर कळे की त्यांनी आणखी एकाला बोलावले आहे. ही चूक राखीव गोलकीपरच करतो. बाकीच्यांना अकरात कुठेतरी शिरता येते, बॅकचा हाफ होतो, हाफचा फॉरवर्ड होतो. गोलात जागा एकच. ती मिळेपर्यंत माणूस गावे बदलत राहतो.

संघाच्या कॅम्पमध्ये खोली, गादी, बादली, जर्सी सगळे संघाचे असे. सीझन संपला की मॅनेजर दारात उभा राहून एकेक वस्तू परत घेई आणि खोली रिकामी करून घेई. भिंतीला खिळा मारायचा तरी परवानगी लागे. मी कोणत्याच खोलीत कॅलेंडर लावले नाही. माझी बायको सुलक्षणा त्या वर्षांत घाटकोपरच्या एका कपड्यांच्या कारखान्यात काज-बटण करत होती आणि भांडुपच्या चाळीत मुलगा वाढवत होती. ती चाळीतली खोली तिच्या बांगड्या मोडून आणि माझ्या गोव्याच्या एका सीझनवर घेतली. कागद माझ्या नावाने झाला, कारण तेव्हा कागद पुरुषाच्याच नावाने व्हायचे आणि कोणी विचारतही नसे. चाळ पाडून त्या जागी टॉवर झाला आणि खोलीच्या बदल्यात चौदाव्या मजल्यावर सदनिका मिळाली. माझ्या नावाने मोठे असे हे एवढेच.

कलम २. मेल्यानंतर मला विजेच्या दाहिनीत द्यावे. अंगावर कोणतीही जर्सी घालू नये. कोणती घालायची यावरून वाद होईल आणि प्रत्येक जण आपली म्हणेल. बारावे-तेरावे सुलक्षणाला पटेल तसे करावे. शोकसभा झालीच तर श्यामकांत साळगावकर यांना बोलू देऊ नये. हे रंगाच्या कारखान्याच्या संघाचे मॅनेजर होते. सीझनच्या शेवटी सामान परत घेताना त्यांनी माझे स्वतःच्या खर्चाने घेतलेले हातमोजेही संघाचे म्हणून ठेवून घेतले, आणि पुढच्या सीझनला ते दुसऱ्याच्या हातात मला दिसले. मी त्यांना माफ केलेले नाही. मध्ये काही वर्षे विसरलो होतो, ते वयामुळे.

कलम ३. सामान. लोखंडी गोलपोस्टांची एक जोडी, चेंडूंची पिशवी, शंकू, हवा भरायचा पंप व माझे सगळे हातमोजे मी माझी शिष्या जान्हवी मोरे, राहणार मुलुंड, हिला देतो. मुलुंडच्या मैदानावर सकाळचा वर्ग आता तीच घेते. मी खुर्चीवर बसून असतो आणि मुलांना वाटते की मी देखरेख करतो. जान्हवीला सांगणे एवढेच की पहिला आठवडा चेंडू द्यायचा नाही ही पद्धत मोडू नये. आधी पडायला शिकवावे. पालक येऊन विचारतात, "सर, फी भरून पोरगा नुसता लोळतोय." त्यांना म्हणावे, लोळू दे. ज्याला पडायची भीती आहे तो चेंडूकडे जातच नाही. याच जान्हवीला मी या मृत्युपत्राची व्यवस्थापक नेमतो. ती कोणाला भीत नाही, श्यामकांतला तर नाहीच.

गोलचे जाळे खारदांड्याच्या धर्मा तांडेलने स्वतः विणलेले आहे. धर्मा माझ्याबरोबर खेळलेला फॉरवर्ड. ओहोटीला दांड्याच्या ओल्या वाळूत तो मला शॉट मारायचा आणि मी पडायचो. ते जाळे त्याला परत द्यावे असे माझ्या मनात होते. पण धर्मा साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असे निधीने बजावले. हे त्याला फोनवर सांगितले तर म्हणाला, "नको रे. तुझ्याकडं देण्यासारखं हाय तरी काय?" तेव्हा जाळेही जान्हवीकडे जाईल. फाटले तर धर्माकडेच न्यावे.

कलम ४. बँकेत व पोस्टात जे काही निघेल ते सुलक्षणाचे. त्यावर कोणी भांडेल इतके ते नाही.

कलम ५. मुलगा सुयोग, राहणार गोरेगाव. सुयोग वाईट नाही, हे आधी लिहितो. मृत्युपत्रात ज्याला घर मिळत नाही तो वाईट होता, असे लोक धरून चालतात. तो समारंभांचे मंच उभारणाऱ्या कंपनीत राबतो, पहाटे घरी येतो, तरी महिन्यातून एकदा येऊन माझा खांदा चोळून देतो. गेल्या गणपतीत आरतीनंतर त्याने बेत सांगितला. भांडुपचे घर विकायचे, मुलुंडला एका इमारतीची गच्ची भाडेपट्ट्याने घ्यायची, तिथे टर्फ टाकायचे आणि गोलकीपरांची अकॅडमी काढायची. आम्ही दोघांनी गोरेगावला त्याच्याकडे राहायचे. तो म्हणाला, "बाबा, नाव तुमचंच लावणार. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नावानं खेळलात ना? आता तुमच्या नावाची पाटी लागू दे की यार."

पाटी कशी दिसेल ते त्याने छापूनही आणले होते. वर माझे पूर्ण नाव, खाली माझा जुना फोटो. त्या फोटोत मी उडी मारली आहे आणि चेंडू दुसरीकडून आत जातो आहे, पण ते फोटो कापून झाकले होते. खोटे का लिहू, तो कागद मी आठवडाभर उशीखाली ठेवला. माझे नाव कुठल्याही दारावर, कपाटावर, यादीच्या वरच्या ओळीत कधी लागले नाही. दिवसातून दोनदा काढून बघायचो. मला फार बरे वाटायचे.

मग एकदा मी सुयोगला विचारले, मी गेल्यावर आईचे काय? तो म्हणाला, "आईचं काय म्हणजे? आई राहील ना आमच्याकडे." अगदी प्रेमाने म्हणाला. त्याच्या मनात काळेबेरे नव्हते, आजही नाही. पण त्या रविवारी गोरेगावला जेवायला गेलो तेव्हा मी त्याच्या घराकडे नीट पाहिले. हॉलमध्ये दिवाण आहे. तो सुलक्षणाचा होणार. सगळ्यांच्या आधी उठून ती गादी गुंडाळणार, टीव्ही कोणी लावला की उठून बाहेर गॅलरीत बसणार, चहा हवा असला तरी सून उठेपर्यंत थांबणार. तिने तक्रार केली नसती. मला ते सहन झाले नसते, आणि मी तर तेव्हा नसणारच.

माझे नाव मात्र मी सुयोगला देतो. निधी म्हणते नाव असे देता येत नाही, तरी लिहितो. उद्या त्याने स्वतःच्या हिमतीवर वर्ग काढला तर माझी पाटी खुशाल लावावी. फोटो दुसरा घ्यावा.

कलम ६. घर. भांडुप पश्चिम येथील चौदाव्या मजल्यावरील सदनिका, तिच्यातील सर्व सामानासह. निधीने पहिल्या मसुद्यात असे लिहिले होते की माझी पत्नी सुलक्षणा हिला सदर सदनिकेत तहहयात राहण्याचा हक्क असेल व तिच्या पश्चात सदनिका मुलगा सुयोग याची होईल. तिने समजावले, "काका, सगळे असंच लिहितात. काकींना कोणी बाहेर काढू शकत नाही आणि सुयोगदादा पण खूश. एकदम सेफ." मी ते वाचले. पुन्हा वाचले. राहण्याचा हक्क म्हणजे काय हे मला वकिलापेक्षा थोडे जास्त कळते, कारण मी जन्मभर त्यावरच राहिलो आहे. कोणी बाहेर काढत नाही. पण आपण कधी जाणार याचा हिशेब दुसऱ्याच्या मनात चालू असतो, आणि तो त्याच्या तोंडावर दिसतो. मी तो सीझनपुरता सोसला. सुलक्षणाने स्वतःच्या बांगड्यांच्या घरात म्हातारपणभर तो का सोसावा? आणि सोसणार कोणाच्या तोंडावर, तर पोटच्या मुलाच्या.

म्हणून मी असे लिहितो की सदर सदनिका माझ्या मृत्यूनंतर सुलक्षणा सहदेव घाडीगावकर हिच्या एकटीच्या पूर्ण मालकीची होईल. ती तिने वापरावी, भाड्याने द्यावी, विकावी, कोणालाही द्यावी, नाहीतर कुलूप लावून गावी जावे. कोणाला विचारायची गरज नाही.

हे कलम मी तिला वाचून दाखवले तेव्हा ती कुळीथ निवडत होती. निधी समोरच बसली होती. सुलक्षणाने सूप खाली ठेवले आणि विचारले, "घर माझ्या नावार करतास?"

"होय."

"अट नाय काय?"

"नाय."

"मगे उद्या मी ता सुयोगाक दिलंय तर चलात तुमका?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. आणि ती देईल, हे मला त्याच क्षणी कळले. सुयोग समोर बसून दोनदा "आई गं" म्हणाला की ती स्वतःचे ताटही त्याच्यापुढे सरकवते. चाळिशीला टेकलेल्या मुलाला ती अजून माशाचे काटे काढून देते. तिच्यासाठी मी एवढी जुळवाजुळव केली, आणि वर्षाच्या आत ती त्या दिवाणावर जाऊन बसेल. मी म्हणालो, "माका आवडूचा नाय." ती माझ्याकडे बघत राहिली. मग मी म्हणालो, "पण चलात."

निधी हुशार मुलगी आहे. सुलक्षणा आत गेल्यावर हळूच म्हणाली, "काका, एक ओळ टाकते. काकींनी घर विकायचं नाही आणि कोणाला द्यायचं नाही. मग काही टेन्शनच नाही ना." ती ओळ मला फार गोड वाटली. एका ओळीत सगळे राखले जात होते. तिचे छप्पर, माझी झोप. मी हो म्हणणार होतो. पण ती ओळ घातली की घर तिचे कुठे राहिले? मग मीच मेल्यावरही दारात उभा राहून बघणार, काय नेलेस आणि काय ठेवलेस. निधीला म्हटले, राहू दे. ती म्हणाली, "मग उद्या वाट लागली तर मला बोलू नका." म्हटले, बोलायला मी नसेन.

तेव्हा या कलमाला कोणतीही अट नाही. निधीने ते पुन्हा तपासले आहे. जान्हवीने, सुयोगने किंवा आणखी कोणी सुलक्षणाला या घराबद्दल न विचारता सल्ला देऊ नये. मीही दिलेला नाही. मला भीती वाटते, ती माझ्याजवळ ठेवतो.

वर लिहिले ते मी स्वतः वाचले व समजून घेतले. यात फेरफार करण्याइतका दम आता माझ्यात नाही, तेव्हा हेच शेवटचे समजावे. सुलक्षणा या क्षणी स्वयंपाकघरात साक्षीदारांसाठी चहा टाकत आहे. घराचे तिने काय ठरवले आहे, असे मी आज सकाळी तिला विचारले. ती म्हणाली, "आदी सय करा. मगे सांगतंय."

म्हणून सही करत आहे.

ठिकाण: भांडुप पश्चिम, मुंबई
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

(सही) सहदेव धाकू घाडीगावकर

सहदेव घाडीगावकर यांनी आमच्या दोघांच्या समोर सही केली आणि आम्ही त्यांच्या समोर केली. सही करताना ते शुद्धीवर होते.

साक्षीदार १: (सही) डॉ. प्रबुद्ध जाधव, भांडुप. मी त्यांना आज सकाळी तपासले आहे. स्मरण व समज उत्तम.

साक्षीदार २: (सही) धर्मा तांडेल, खारदांडा. मला यातून काही मिळालेले नाही.