चष्मेवाल्यांचा केसपेपर

आदरणीय डॉक्टरसाहेब,

काल तुम्ही विचारलंत, "समोरच्या दुकानातल्या चष्मेवाल्यांनी जीव दिला, त्याआधी तुमच्याजवळ काही बोलले होते का हो?" मी नाही म्हणालो. खोटं बोललो.

बावीस वर्षं पेशंटची तक्रार आधी मी ऐकतो आणि केसपेपरवर एका ओळीत उतरवतो. हे मला कुणी शिकवलं नाही. ओळ वाचून निम्मं निदान होतं, असं तुम्हीच म्हणायचात. सहा आठवड्यांत चौथ्यांदा आले तेव्हा चष्मेवाले म्हणाले, "झोप नाही, पोटात जळजळतं, आणि खरं सांगू? सकाळी उठूच नये असं वाटतं."

"सोमवारी सगळ्यांनाच वाटतं तसं," मी म्हणालो. तेही हसले. मी लिहिलं: निद्रानाश, आम्लपित्त. शेवटचं वाक्य मला लक्षण वाटलं नाही. तुम्ही आत पोटच तपासलंत.

आता तुम्ही स्वतःला दोष देत जेवण टाकलंय, असं वहिनी सांगतात. मी खरं सांगितलं तर तुम्ही सुटाल, पण माझ्या ओळीवर पुन्हा कोण विश्वास ठेवेल? म्हणून हे पत्र खिशातच राहील.

आज एक बाई आली. झोपच लागत नाही म्हणाली, आणखी काही सांगू पाहत होती. 'निद्रानाश' एवढंच लिहून मी तिला घाईने आत पाठवलं.

तुमचा,
कंपाउंडर