सावित्रम्माचा खाडा

३ फेब्रुवारी, सकाळी ९.१०
सावित्रम्मा पुन्हा चाळीस मिनिटं उशिरा. चौदा वर्षं माझ्याकडे स्वयंपाक करते, घड्याळ अजून शिकली नाही. कॅलेंडरवर लाल पेन्सिलीने अर्धा खाडा मांडला. मागच्या महिन्यात दोन पूर्ण आहेतच. ताप आला म्हणून तिने शेजारीण पाठवली होती, बदली. जाळीचं दार न उघडताच परत पाठवली. अनोळखी हात मला पिठात चालत नाहीत.

उशिराचं कारण मुलगी. दानेश्वरी. सातवा महिना. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या घड्या घालते, दहा तास उभ्याने. काल चक्कर आली. बसायला स्टूल नाही. कंपनीच्या रजिस्टरवर नाव नाही, फक्त मुकादमाच्या वहीत. नेमणुकीचं पत्र नाही, रजा नाही, बाळंतपणाच्या रजेचं तर नावच नको.

रक्त उकळलं. विमा ऑफिसच्या एस्टॅब्लिशमेंट सेक्शनमध्ये मी चौतीस वर्षं काढली आहेत. चारशे माणसांचं मस्टर माझ्या हाताखालून गेलं. ही केस आता माझ्याकडे आली असं समजावं.

संकल्प: १) दानेश्वरीला महिन्यात स्टूल. २) दोन महिन्यांत पत्र. ३) रात्रीचा भात बंद.

६ फेब्रुवारी
पोर्चमध्ये ‘कंत्राटी कामगार आधार कक्ष’ उघडला. रविवारी १० ते १२. बोर्ड मराठी-इंग्लिश. पेंटरने विचारलं, कार्डाचं काम इथे होणार का. अडाणी.
मांडववाल्याकडून वीस खुर्च्या. सावित्रम्माला रविवारी जादा यायला सांगितलं, चहा-पोह्यांसाठी. कामगारांच्याच कामाला येते आहे, तिला बरं वाटलं असणार. चेहऱ्यावरून कळत नाही.

९ फेब्रुवारी, दुपारी १
उपस्थिती: एक. गृहस्थांना आधार कार्डावरचा पत्ता बदलायचा होता. दोन बशा पोहे खाऊन गेले.
कारण उघड आहे. आज त्यांच्या वस्तीला पाण्याचा दिवस होता. पाचव्या दिवशी आलेलं पाणी सोडून कोण येणार? माझ्या नियोजनात दोष नाही.
रात्री भात खाल्ला. उरलेले पोहे बघवेनात.

१३ फेब्रुवारी
रिक्षाने थेट कारखाना. गेटवर मुकादम कुंडलिक. भुवयांवरसुद्धा कापसाचे तंतू. मला मावशी म्हणाला. मी म्हटलं, मॅडम म्हणा. म्हणाला, बरं मॅडम, पण स्टूल न्हाय जमायचं, एक बसली की वीस बसत्यात. आणि जिला उभं ऱ्हाणं झेपत न्हाय तिनं घरी बसावं की, उद्या दुसरी येतीया. हे सगळं अगदी अदबीनं. अशी माणसं मला ऑफिसातही फार भेटली.

पण भिंतीवर घबाड सापडलं. परदेशी गिऱ्हाइकाने रंगवून घेतलेली पाटी: कामगारांसाठी हेल्पलाइन, ईमेल, नाव गुप्त राहील. पुढे टॉवेलचे गठ्ठे रचलेले. ते सरकवायला लावले आणि फोटो काढला.

दानेश्वरी आत दिसली. मला बघून तोंड फिरवलं. भारावली असेल.

१९ फेब्रुवारी
दानेश्वरीला बोलावून घेतलं. खुर्ची दिली, तरी कडेला टेकून बसली. म्हणाली, “बाई, तुमी काय करू नका. आमचं आमी लावलंय.”

लावलंय ते असं. शिवरात्र झाली की ती घरी बसणार आणि तिच्या जागेवर वच्छला उभी राहणार. वच्छला त्यांच्या गल्लीतलीच, सध्या कामाविना, डाव्या हाताची करंगळी अर्धी. पण ती उभी राहणार दानेश्वरी या नावाने! हजेरीला दानेश्वरी पुकारलं की वच्छला ‘हाय’ म्हणणार. बाळ चार महिन्यांचं झालं की ही परत. नाव एक दिवसही मोडू द्यायचं नाही, मोडलं की जागा गेली. घड्यांच्या खात्यात अशा नऊ जणी आहेत म्हणे. मुकादमाला माहीत आहे. डोकी पुरी भरली की तो बोलत नाही.

मी सुन्न. माझ्या मस्टरवर चौतीस वर्षांत कोणी दुसऱ्याच्या नावापुढे टिंबसुद्धा काढलं नाही. शाळेत सिस्टर अॅग्नेस सांगत, खोट्या हजेरीसाठी नरकात वेगळा बाक आहे.

मुकादमाला आणि मालकाला सांगणार नाही, अशी तिने सिद्धेश्वराची शपथ घ्यायला लावली. घेतली. जाताना आईबद्दल विचारते, आमच्या अव्वाला तुमी दिलंय का वो पत्र? प्रश्न विषयाला धरून नव्हता. सावित्रम्मा घरचीच आहे.

२ मार्च
दहा दिवस नीट विचार केला. शपथ मुकादम आणि मालक यांच्यापुरती होती. परदेशी गिऱ्हाईक या दोघांपैकी कोणीच नाही.

ईमेल पाठवला. चार पानं, इंग्लिश. हात अजून तसाच चालतो. मागण्या: स्टूल, पत्र, बाळंतपणाची रजा. सोबत अनेक्शर अ, तक्ता: हजेरीवरचं नाव, प्रत्यक्षातली बाई, ओळखखूण. पुराव्याशिवाय दखल कोण घेतं? पहिल्या ओळीत दानेश्वरी, तिच्यासमोर वच्छला, मग करंगळी. बाकी आठ ओळी रिकाम्या ठेवल्या, तपासात भरता येतील. शेवटी ठळक अक्षरांत: दोघींनाही कायम करावं.
फार दिवसांनी शांत झोप लागेल.

८ मार्च
महिला दिन. कक्षासाठी भाषण लिहिलं होतं. मीच मला वाचून दाखवलं. चांगलं झालं आहे.

उत्तर आलं! दखल घेतली, लवकरच पाहणी. सावित्रम्माला सांगितलं. तिने भाकरी उलटली आणि काय लिवलंय एवढंच विचारलं. वाचून दाखवलं, मराठीत, तक्त्यासकट. भाकरी करपली. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

१२ मार्च
पाहणी झाली. परदेशी कोणी नव्हतं, पुण्याहून दोघे लॅपटॉप घेऊन आले होते. एकेकीला आधार कार्ड हातात धरून उभं केलं. कार्डावरचं आणि हजेरीवरचं नाव जुळलं नाही त्या नऊ जणी गेटबाहेर. मग ज्यांची नावं त्या चालवत होत्या, त्याही नऊ जणींची नावं खोडली. दानेश्वरीचं पहिलं. आठवा महिना लागला आहे.

हे सावित्रम्माने सांगितलं. भांडी घासत, माझ्याकडे पाठ करून. रडली नाही, आवाज चढवला नाही. मी म्हटलं, ही तात्पुरती अडचण आहे, मी अपील करते. म्हणाली, “तुमच्या पेन्शनीचं नाव कोन खोडत न्हाय बाई. आमच्यावर एक रेघ मारली की संपलं.”
वाक्य लागलं असं नाही. फक्त लिहून ठेवते आहे.

१५ मार्च
ईमेल: तक्रारीचं निवारण झालं आहे, सहकार्याबद्दल आभार. सोबत फोटो. वीस नवी स्टुलं, एका ओळीत. कोणी बसलेलं नाही.
संकल्प क्रमांक १, तांत्रिकदृष्ट्या पूर्ण.
फोटो सावित्रम्माला दाखवावा म्हटलं. दाखवला नाही.

१८ मार्च
अपिलाचा मसुदा तीनदा फाडला. चष्म्याचा नंबर बदललेला दिसतो.
संध्याकाळी दानेश्वरीकडे फळं घेऊन गेले. शेजारणीने सांगितलं, घरी न्हाय. आतून तिचा खोकला ऐकू येत होता. पिशवी उंबऱ्यावर ठेवली. गल्लीच्या तोंडाशी वळून पाहिलं. पिशवी तिथंच.

२१ मार्च
सावित्रम्माला स्पष्ट सांगितलं, तुझी इथली जागा पक्की आहे, काळजी करू नकोस. तिने कॅलेंडरकडे पाहिलं. मग भाजी फोडणीला टाकली.

२४ मार्च, सकाळी ८.२०
बेल. वेळेच्या आधी. दारात दुसरीच बाई.

सावित्रम्मा आजपासून दुसऱ्या एका कारखान्यात जाते, कोणा विजयमालाच्या नावावर. मुलीची सुटका होऊन ती उभी राहीपर्यंत. हे या बाईने जाळीच्या पलीकडून सांगितलं. नाव विचारलं.

“सावित्रम्माच म्हना की बाई. जागा तिची हाय. मोडू ने म्हणून आलेय.”

मी म्हटलं, तिची जागा इथे कोण मोडतंय? चौदा वर्षं आहे ती. खरं नाव सांग म्हटलं, तर म्हणाली, कुटं लिवनार न्हाय न्हवं? मग म्हणाली, तिला ताप आल्ता तवाबी मीच आल्ते, तुमी दार उघडलं न्हाय.

आज उघडलं.

तिने परात घेतली, डबा उघडून पीठ घेतलं. डाव्या हाताची करंगळी अर्धी.

मी बाहेर आले. कॅलेंडरपाशी उभी राहिले. लाल पेन्सिल हातात घेतली, कारण रोज घेते.

ती चहा ठेवून गेली. पांढरा कप, अर्धा चमचा साखर, आलं नाही. न विचारता. सावित्रम्माने सगळं नीट सांगून पाठवलेलं दिसतं.

आजच्या चौकटीत काही मांडलं नाही.