गीतांची पाटी आणि माझी नम्रता

शनिवार, १ जून
आजपासून नम्र. निर्णय पक्का.
कारण असं की आई काल ऑर्गनवालीशी बोलली. ऑर्गनवाली म्हणजे आमच्या चर्चच्या पाळकांची भाची. वर्षभरासाठी इथल्या बालवाडीत शिकवायला आलीय, रविवारी देवळात ऑर्गन वाजवते आणि तीस तारखेला परत जाणार. आईने माझा विषय सहज काढला. (आई असले विषय सहजच काढते.) ती म्हणाली, मनाने चांगला आहे हो, पण त्याची चूक त्याला कुणी सांगू शकतं का? मी आईला म्हटलं, हे साफ खोटं आहे, आणि ताटावरून उठलो.
मग विचार केला. महिना आहे हातात. तेवढ्यात मंडळीतला सगळ्यात नम्र माणूस होऊन दाखवतो. दुसऱ्या नंबरवर कोण येतं ते बघू.

रविवार, २ जून
मुद्दाम शेवटच्या बाकावर बसलो. शेवटी बसणाऱ्याला वर बोलावतात, प्रभूनेच सांगितलंय. कुणी बोलावलं नाही.
उपासनेनंतर पाळकांना म्हटलं, देवळातलं सगळ्यात हलकं काम मला द्या. त्यांनी गीतांची पाटी दिली. आमच्याकडे कुठलं गीत म्हणायचं हे तोंडाने कुणी सांगत नाही. पाटीवरचे क्रमांक बघून लोक गीतपुस्तक उघडतात. शनिवारी पाळक चार क्रमांक सांगणार, रविवारी सकाळी मी डब्यातले पुठ्ठ्याचे आकडे पाटीवर अडकवणार.
काम जरा जास्तच हलकं निघालं. मला प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तसं काहीतरी हवं होतं, चार लोकांना दिसेल असं.

बुधवार, ५ जून, दुपारी
मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात. दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडल्यापासून इथेच असतो. (मी सोडलं. प्राध्यापकांची चूक होती, ती मी वर्गात उभं राहून सांगितली.) एका बाईंचा प्रबंध बाइंड केला, चौथं प्रकरण उलटं लागलं. बाई म्हणाल्या, हे उलटं आहे. मी शांतपणे म्हटलं, मग तिथे आल्यावर पुस्तक फिरवा. मामा आतून ओरडत आला. पुन्हा बाइंड केलं.
बाईंना मनातल्या मनात क्षमा केली. हा मोठा बदल आहे.

रविवार, ९ जून
पाटी लावली. क्रमांक पाळकांनी काल फोनवर सांगितले होते, लिहून घेतले नाहीत. स्मरणशक्ती ही देणगी आहे. तिचा मला गर्व नाही, एवढंच.
मग पहिलं गीत संपेपर्यंत फाटकाशी उभा राहून लोकांचं स्वागत. मग शेवटचा बाक, डोळे मिटून. डोळे मिटल्यावर मी बराच नम्र दिसतो, मोबाईलमध्ये पाहिलंय.
सगळी गीतं बिनचूक झाली. निघताना ऑर्गनवालीने विचारलं, क्रमांक लिहून घेतोस का रे? म्हटलं, गरज पडत नाही. हसली. हाताला पुठ्ठ्याची धूळ होती. बालवाडीवाल्यांचे हात असेच असायचे.

रविवार, १६ जून
पुन्हा बिनचूक. तीस तारखेला ज्याला साक्ष द्यायची आहे, म्हणजे देवाने आपल्यात काय बदल केला ते सगळ्यांपुढे सांगायचंय, त्याने नाव द्यावं, असं पाळक म्हणाले. त्यांचं वाक्य संपायच्या आत दिलं. विषय: नम्रता. ती समोरच, ऑर्गनवर असणार. साक्षीनंतर तिला लग्नाचं विचारायचंच.

रविवार, २३ जून
तिसरा बिनचूक रविवार. उपासनेनंतर ऑर्गनजवळचं स्टूल पाटीखाली सापडलं. लोकांना वस्तू जागच्या जागी ठेवायची सवय नाही. मी उचलून ठेवलं, कुणाला न सांगता. (इथे लिहिलं ते वेगळं.)

गुरुवार, २७ जून
मामा म्हणाला, तुला चूक दाखवायची म्हणजे आधी हेल्मेट घालावं लागतं. मी स्टेपलर आपटला. स्टेपलर तसाही जुना होता. रविवारपर्यंत मौन धरतोय. नम्रतेची पुढची पायरी.

शनिवार, २९ जून
आई दारातून म्हणाली, अरे ऐक तरी, ती ऑर्गनवाली... मी ओठांवर बोट ठेवलं. मौन म्हणजे मौन. आई म्हणाली, बस मग, आणि गेली.
पाळकांचा फोन मात्र घेतला. हं, हं, एवढंच म्हटलं.

रविवार, ३० जून, सकाळी ८
आकड्यांच्या डब्यात चिठ्ठी. 'क्रमांक एकदा तपासून लाव.' खाली नाव नाही. डोकं तडकलं. चार आठवडे राबतोय, आणि हा कोण शहाणा? चुरगळून कोपऱ्यातल्या टोपलीत टाकली. पाटी लावली. प्रार्थना केली, त्या शहाण्यासाठी.

त्याच दिवशी, दुपारी
ऑर्गनवर पाळकीणबाई होत्या. ऑर्गनवाली कालच दुपारी गेली. तिकडच्या शाळेने एक दिवस आधी बोलावलं. सगळ्या मंडळीला माहीत होतं.
साक्ष दिली. कुणासाठी, ते आता सोडून देऊ. म्हटलं, मी स्वतःला इतकं रिकामं केलंय की आजपर्यंत पाटीवर एकही चूक झाली नाही. मंडळीत खोकल्याची साथ आली.
मग पाळकीणबाईंनी आपल्या कागदावरचं आनंदाचं गीत वाजवायला घेतलं. पाटीवर दफनविधीचं होतं. मंडळीने पाटीचं ऐकलं. दोन कडवी त्या चालीवर मयताला निरोप दिला, तिसऱ्याला पाळकांनीच हात वर केला.

सोमवार, १ जुलै
संध्याकाळी पाळकीणबाई भेटल्या. म्हणाल्या, तू फाटकाशी उभा असायचास तेव्हा ती दर रविवारी स्टुलावर चढून आकडे नीट करायची. सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, त्याला बोलू नका, मनापासून करतोय.
चिठ्ठीही तिचीच. जाण्याआधी डब्यात ठेवून गेली. मागच्या बाजूला तिचा फोन नंबर होता. म्हणाली होती म्हणे, पुढचं ऐकलं तर मागचं दिसेलच त्याला.
देवळात पळत गेलो. टोपली रिकामी. कचऱ्याची गाडी सकाळी सातलाच येऊन गेली.
नंबर पाळकांकडे आहेच. मामाच ते तिचे. फक्त जाऊन सांगावं लागेल की चिठ्ठी मी न उलटता फेकली, माझं चुकलं.
त्यांच्या दारापर्यंत गेलो होतो. आत दिवा होता. बेलवर बोटही ठेवलं.
उद्या जातो. आज त्यांना त्रास नको.